पाच कोटी नोंदींची फाइल: मोठ्या क्वेरीचा निकाल डेटाबेसबाहेर कसा काढायचा

दोनशे नोंदी काढून द्यायच्या असतील तर या लेखाची गरज नाही. क्वेरी चालवा, ग्रिडवर राइट क्लिक करा, एक्सपोर्ट करा आणि मोकळे व्हा. पण कुणीतरी ‘गेल्या तीन वर्षांचे सगळे व्यवहार सीएसव्हीत द्या’ म्हणतं (सीएसव्ही म्हणजे मूल्यं स्वल्पविरामासारख्या चिन्हाने विभागलेली मजकूर फाइल), मोजल्यावर आकडा पाच कोटींच्या घरात निघतो, आणि मग तीच राइट क्लिकची सवय महागात पडते. आधी लॅपटॉपचा पंखा घोंघावतो, मग विंडो पांढरी पडते, आणि शेवटी ‘आउट ऑफ मेमरी’.

माझा पहिला मोठा एक्सपोर्ट असा कोसळला नव्हता. उलट चार सेकंदांत झाला. मी खूश होऊन फाइल पाठवून दिली. दोन दिवसांनी पलीकडून विचारणा आली, ‘नोंदी नेमक्या १००० च कशा?’ मी वापरत होतो त्या टूलमध्ये निकालाला हजाराची मर्यादा आधीपासून लावलेली होती आणि ती बघायची माझी राहून गेली. तेव्हापासून मोठा एक्सपोर्ट फार लवकर झाला की मला आनंदाऐवजी संशय येतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच सूत्र आहे: निकाल वाटेत कुठेही साचू द्यायचा नाही. सर्व्हरने नोंद काढली, ती नेटवर्कवरून आली, फाइलमध्ये उतरली, विषय संपला. पाट असा वाहता राहिला तर साधंसं मशीनही त्याच्या मेमरीच्या कितीतरी पट मोठी फाइल लिहू शकतं. पाट तुंबतो तो तीन ठिकाणी: सर्व्हरवर, डेटाबेसच्या ड्रायव्हरमध्ये (प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांना जोडणारा कोड) आणि आपण लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये.

एक खुलासा. कमांड मी तोंडी सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

पायरी १: फाइल कोण वाचणार ते आधी विचारा

हा प्रश्न टाळला तर सगळं काम दोनदा करावं लागतं. वाचणारा माणूस असेल आणि तो फाइल एक्सेलमध्ये उघडणार असेल, तर एका शीटमध्ये जास्तीत जास्त १०,४८,५७६ ओळी मावतात. पाच कोटी नोंदींची फाइल त्याच्या काहीच कामाची नाही. त्याला महिनावार बेरजा हव्या असतात, फक्त मागताना तो ‘सगळा डेटा’ असं म्हणतो. पाच मिनिटं बोललात तर पुष्कळदा एक्सपोर्टच टळतो.

वाचणारा दुसरा प्रोग्रॅम असेल तर त्याच्याकडून या गोष्टी लेखी घ्या: डिलिमिटर (कॉलम वेगळे करणारं चिन्ह) कोणता, मजकुराभोवती डबल कोट चालतात का, नल (मूल्यच नसलेली जागा) कसा लिहायचा, एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) कोणतं, पहिल्या ओळीत कॉलमची नावं हवीत की नकोत, आणि तारखा कुठल्या टाइमझोनच्या. ‘साधी सीएसव्ही द्या’ हे उत्तर मान्य करू नका. साधी सीएसव्ही नावाची वस्तू अस्तित्वात नाही. आरएफसी ४१८० हा सीएसव्हीची रचना सांगणारा दस्तऐवज २००५ साली आला तोही आधीपासून रुळलेल्या प्रथा नोंदवून ठेवण्यासाठी, आणि तोवर ज्याने त्याने आपापली पद्धत काढलेली होती.

मग आकाराचा अंदाज घ्या. एक लाख नोंदी काढून फाइल किती मोठी होते ते बघा आणि गुणाकार करा. सरासरी नोंद १२० बाइटची निघाली तर पाच कोटींची फाइल साधारण ६ जीबी होईल. जिथे लिहिणार आहात त्या डिस्कवर तेवढी जागा आहे का, हे आत्ताच पाहिलेलं बरं. रात्री तीन वाजता ‘नो स्पेस लेफ्ट’ वाचण्यात मजा नाही.

पायरी २: क्वेरी हलकी करा

‘सिलेक्ट स्टार’ नको. कॉलमची नावं एकेक करून लिहा. नको असलेले लांबलचक मजकुराचे कॉलम वगळले की फाइल कित्येकदा निम्म्यावर येते. दुसरा फायदा असा की उद्या टेबलात कुणी नवा कॉलम घातला तरी तुमच्या फाइलची रचना हलत नाही.

‘ऑर्डर बाय’ खरंच हवा आहे का ते तपासा. क्रम लावायचा म्हणजे शेवटची नोंद हाती येईपर्यंत पहिली नोंद बाहेर सोडता येत नाही. एवढा निकाल मेमरीत मावत नाही आणि सर्व्हर तो तात्पुरत्या फाइलींमध्ये डिस्कवर टाकतो. पाट उगमापाशीच अडला. ज्या कॉलमवर इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) आहे त्याच क्रमाने हवं असेल तर डेटाबेस तो इंडेक्स वापरून वाट काढू शकतो, पण वापरेलच असं नाही. ‘एक्स्प्लेन’ चालवून बघा, डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते तो सांगतो. दुहेरी नोंदी गाळणाऱ्या ‘डिस्टिंक्ट’चंही तसंच. जॉइन (टेबलांची जोडणी) चुकल्यामुळे दुप्पट झालेल्या नोंदी झाकायला लावलेला ‘डिस्टिंक्ट’ मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की तो दिसला की आधी जॉइन तपासतो.

लांब चालणाऱ्या क्वेरीचा त्रास इतरांनाही होतो. पोस्टग्रेसमध्ये तुमची क्वेरी चालू असेपर्यंत, तिला दिसू शकतील अशा जुन्या मृत नोंदी व्हॅक्यूम या साफसफाईच्या प्रक्रियेला साफ करता येत नाहीत. ऑरॅकलमध्ये नोंदींच्या जुन्या आवृत्त्या अनडू नावाच्या राखीव जागेत असतात. ती जागा पुन्हा वापरली गेली की तासाभराच्या कामानंतर ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’ म्हणजे ओआरए-०१५५५ समोर येतो. म्हणून एक्सपोर्ट शक्यतो रेप्लिकावर, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या सतत ताज्या होणाऱ्या प्रतीवर, चालवा. पोस्टग्रेसच्या रेप्लिकावरही एक अट आहे: मुख्य सर्व्हरवरून येणाऱ्या बदलांशी तुमच्या क्वेरीचा संघर्ष झाला तर ती रद्द होते. किती वाट पाहायची ते ‘मॅक्स स्टँडबाय स्ट्रीमिंग डिले’ ठरवतं आणि त्याचं मूळ मूल्य फक्त ३० सेकंद आहे. मोठ्या एक्सपोर्टसाठी ते वाढवून घ्यायला डीबीएकडे (डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे) जावंच लागतं.

पायरी ३: फाइल नेमकी कुठे बनणार?

नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो. क्वेरी यशस्वी झाली म्हणून संदेश येतो आणि फाइल सापडतच नाही. कारण ती तुमच्या मशीनवर नाही, डेटाबेस सर्व्हरच्या डिस्कवर तयार झालेली असते.

पोस्टग्रेसमध्ये ‘कॉपी … टू’ला फाइलचं नाव दिलं की सर्व्हर ती स्वतःच्या डिस्कवर लिहितो. त्यासाठी सुपरयूजर किंवा ‘पीजी राइट सर्व्हर फाइल्स’ ही भूमिका लागते. तुम्हाला बहुधा हवी असते ती ‘बॅकस्लॅश कॉपी’. ही पीएसक्यूएल या क्लायंटची कमांड आहे. आत कॉपीचं तेच वेगवान यंत्र चालतं, पण डेटा तुमच्याकडे वाहत येतो आणि फाइल तुमच्या मशीनवर, तुमच्या परवानगीने बनते. मायएसक्यूएलचं ‘सिलेक्ट … इंटू आउटफाइल’ मात्र फक्त सर्व्हरवरच लिहितं. त्याला फाइल प्रिव्हिलेज लागतं आणि ‘सिक्युअर फाइल प्रिव्ह’ या सेटिंगने नेमून दिलेल्याच फोल्डरमध्ये लिहिता येतं. ते सेटिंग नल असेल तर हा मार्गच बंद. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती पुसलीही जात नाही, सरळ एरर येते. पहिल्यांदा चिडायला होतं, पण ही खबरदारी चांगली आहे.

क्लाउडवरच्या मॅनेज्ड डेटाबेसमध्ये सर्व्हरच्या डिस्कपर्यंत आपला हात पोचत नाही. तिथे क्लायंटकडे वाहून आणणं किंवा त्या सेवेने दिलेली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये लिहिण्याची सोय वापरणं, एवढंच उरतं.

पायरी ४: डेटाबेसचं स्वतःचं हत्यार उचला

आपला प्रोग्रॅम लिहायला घेण्याआधी डेटाबेसने दिलेलं टूल वापरून पाहा. बहुतेक वेळा ते आपल्या कोडपेक्षा वेगवान निघतं, कारण प्रत्येक मूल्याचा ऑब्जेक्ट बनवायचा आणि पुन्हा त्याचा मजकूर करायचा हा खटाटोप त्याला नसतो.

पोस्टग्रेस या बाबतीत माझा सर्वांत आवडता. ‘कॉपी’, मग कंसात पूर्ण क्वेरी, मग ‘टू एसटीडीआउट विथ’ (एसटीडीआउट म्हणजे प्रोग्रॅमचं नेहमीचं आउटपुट) आणि कंसात ‘फॉरमॅट सीएसव्ही, हेडर’. झालं. कोट, नल, हेडर सगळं नीट येतं. एकच खोच: बॅकस्लॅश कॉपी एका ओळीत संपवावी लागते. क्वेरी चाळीस ओळींची असेल तर ती वेगळ्या एसक्यूएल फाइलमध्ये ‘कॉपी … टू एसटीडीआउट’च्या रूपात ठेवा, ती फाइल पीएसक्यूएलला द्या आणि आउटपुट शेलमधून फाइलकडे वळवा. साधा ‘सिलेक्ट’ चालवून त्याचं आउटपुट वळवू नका. तसं केलं तर पीएसक्यूएल सगळा निकाल आधी मेमरीत गोळा करतो आणि मगच छापायला घेतो.

मायएसक्यूएलमध्ये सर्व्हरवर लिहिण्याची मुभा नसेल तर मायएसक्यूएल क्लायंट ‘डबल डॅश बॅच’ आणि ‘डबल डॅश क्विक’ हे दोन पर्याय लावून चालवा. पहिल्याने टॅबने विभागलेलं आउटपुट येतं. दुसरा जास्त महत्त्वाचा: तो नसेल तर क्लायंट पूर्ण निकाल आधी स्वतःच्या मेमरीत भरून घेतो. बॅच पद्धतीत मजकुरातले टॅब आणि नवी ओळ बॅकस्लॅशने सुटे केले जातात, हे चांगलं. पण नलच्या जागी ‘एनयूएलएल’ ही चार अक्षरं छापली जातात, हे वाईट. कुणी त्या कॉलमात खरोखरच ती अक्षरं टाइप केली असतील तर फरक कळायची सोय नाही.

ऑरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये १२.२ आवृत्तीपासून ‘सेट मार्कअप सीएसव्ही ऑन’ आहे. त्याआधी लोक प्रत्येक कॉलम हाताने दोन उभ्या दांड्यांनी जोडत बसायचे. सोबत ‘सेट फीडबॅक ऑफ’ आणि ‘सेट टर्मआउट ऑफ’ द्या. टर्मआउट बंद केल्याने निकाल स्क्रीनवर धावत नाही आणि बराच वेळ वाचतो, पण कमांड स्क्रिप्ट फाइलमधून चालवल्या तरच ते लागू होतं. ‘सेट लाँग’ विसरू नका: त्याचं मूळ मूल्य ८० आहे, म्हणजे सीएलओबी (मोठ्या मजकुराच्या) कॉलममधला मजकूर ८० अक्षरांवर गुपचूप कापला जातो. ना एरर, ना इशारा.

आणि ‘सेट ॲरेसाइझ’. एका फेरीत किती नोंदी आणायच्या ते हे ठरवतं; मूळ मूल्य १५. एक कोटी नोंदींसाठी सुमारे ६ लाख ६७ हजार फेऱ्या होतात. सर्व्हर दूर असेल आणि एका फेरीला ५ मिलिसेकंद लागत असतील तर नुसत्या जाण्यायेण्यात ५५ मिनिटं गेली. ॲरेसाइझ १००० केला की फेऱ्या १० हजार आणि वेळ ५० सेकंद. क्वेरीला हात न लावता मिळणारा एवढा मोठा फायदा मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

एसक्यूएल सर्व्हरसाठी त्याचं बीसीपी हे टूल. ‘क्वेरीआउट’ लिहून क्वेरी द्या, ‘डॅश सी’ने मजकूर स्वरूप, ‘डॅश टी’ने डिलिमिटर (दोन्ही अक्षरं लहान). वेग उत्तम, पण शिष्टाचार बेताचे. हेडर देत नाही, डबल कोट लावत नाही; पत्त्यात स्वल्पविराम आला की पुढचे सगळे कॉलम एकेक घर सरकले. म्हणून मजकुरात येणारच नाही असा डिलिमिटर निवडावा लागतो. शिवाय रिकाम्या मजकुराच्या जागी तो शून्य मूल्याचा एक बाइट लिहितो आणि नलच्या जागी काहीच लिहीत नाही. फाइलमध्ये विचित्र अदृश्य चिन्हं दिसली तर कारण हेच. यूटीएफ-८ हवं असेल तर मोठ्या सीने ‘डॅश सी ६५००१’ द्या. हा पर्याय २०१६ च्या आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत आहे.

एसक्यूलाइटमध्ये ‘डॉट मोड सीएसव्ही’, ‘डॉट हेडर्स ऑन’, ‘डॉट वन्स’ आणि फाइलचं नाव, मग क्वेरी. बस.

पायरी ५: कोड लिहावाच लागला तर

कधीकधी वाटेत मूल्यं बदलायची असतात, एखादा कॉलम झाकायचा असतो, फाइल थेट दुसरीकडे पाठवायची असते. मग पायथन किंवा जावा आलं. इथली मुख्य फसगत अशी की कोड दिसायला एकेक नोंद घेणारा असतो आणि ड्रायव्हरने मात्र पडद्याआड सगळा निकाल आधीच ओढून घेतलेला असतो. लूप तुमचा, मेमरी त्याने भरलेली.

पायथनच्या सायकोपीजी२ या पोस्टग्रेस ड्रायव्हरमध्ये साधा कर्सर (निकालातल्या नोंदी देणारा ऑब्जेक्ट) असंच करतो. कर्सरला नाव दिलं की तो सर्व्हरवर उघडतो आणि नोंदी ठरावीक गठ्ठ्यांनी येतात. गठ्ठ्याचा आकार ‘इटरसाइझ’ने ठरतो, मूळ मूल्य २०००. पायमायएसक्यूएलमध्ये त्यासाठी ‘एसएसकर्सर’ आहे. जावात पोस्टग्रेसचा ड्रायव्हर ‘सेट फेच साइझ’ ऐकतो, पण ऑटोकमिट (प्रत्येक कमांडनंतर ट्रान्झॅक्शन आपोआप पक्कं करणं) बंद असेल तरच. ऑटोकमिट चालू ठेवून फेच साइझ बदलत बसलेली बरीच मंडळी मी पाहिली आहेत, मीही त्यांत होतो. मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरला नोंदी वाहत्या हव्या आहेत हे कळवायला फेच साइझमध्ये ‘इंटिजर मिन व्हॅल्यू’ द्यावी लागते. हे कुणाला सुचलं असेल, देव जाणे, पण चालतं तसंच.

पायथनची पांडाज ही लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ‘रीड एसक्यूएल’ला ‘चंकसाइझ’ दिल्याने मेमरी वाचतेच असं नाही. खालचा ड्रायव्हर सगळं ओढत असेल तर पांडाज त्याचे फक्त तुकडे करून देतो. एसक्यूएल अल्केमीच्या (पायथनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीच्या) कनेक्शनला ‘स्ट्रीम रिझल्ट्स’ चालू करून द्या, मग खरा प्रवाह सुरू होतो. दुसरं: पूर्णांकाच्या कॉलमात एखादा नल आला की पांडाज तो कॉलम दशांश करून टाकतो आणि फाइलमध्ये १२ ऐवजी १२.० येतं. पलीकडचा लोडर (फाइल डेटाबेसमध्ये भरणारा प्रोग्रॅम) इथे अडखळतो. केवळ एक्सपोर्टच करायचा असेल तर पांडाजची गरज नाही. पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल पुरतं. फाइल उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ उगवते.

पायरी ६: तुकडे करायचे तर ऑफसेटने करू नका

एकच क्वेरी नीट वाहती असेल तर तुकड्यांची गरज नसते. पण कनेक्शन मध्येच तुटत असेल किंवा अर्धवट राहिलेलं काम तिथूनच पुढे न्यायचं असेल तर तुकडे बरे पडतात.

सुचते ती पहिली पद्धत म्हणजे ‘लिमिट’ (किती नोंदी घ्यायच्या) आणि ‘ऑफसेट’ (आधीच्या किती वगळायच्या). ती टाळा. ऑफसेट म्हणजे उडी नव्हे. डेटाबेस तेवढ्या नोंदी खरोखर वाचतो आणि फेकून देतो. पाच कोटींचे एकेक लाखाचे ५०० तुकडे केले तर पहिल्या तुकड्यासाठी १ लाख नोंदी वाचल्या जातात, दुसऱ्यासाठी २ लाख, शेवटच्यासाठी पूर्ण ५ कोटी. बेरीज १२५२ कोटी ५० लाख. म्हणजे गरजेच्या अडीचशे पट वाचन. सुरुवातीचे तुकडे भराभर येतात आणि नंतर काम रांगत जातं, ते याच कारणाने.

त्याऐवजी शेवटची ‘की’, म्हणजे नोंदीची ओळख असलेला आयडी, लक्षात ठेवा. ‘आयडी मागच्या तुकड्यातल्या शेवटच्या आयडीपेक्षा मोठा’ अशी अट, आयडीनुसार क्रम, लिमिट एक लाख. प्रत्येक तुकडा इंडेक्सवरून थेट आपल्या जागी पोचतो. पाचशेवा तुकडा पहिल्याइतकाच वेळ घेतो. तारखेनुसार तुकडे करायचे असतील तर एकाच क्षणी अनेक नोंदी असू शकतात, त्यामुळे तारीख आणि आयडी या जोडीवर तुलना करा. नुसत्या तारखेवर केली तर तुकड्याच्या सीमेवरच्या नोंदी गळतात किंवा दोनदा येतात, आणि हे एकूण बेरजेत चटकन दिसत नाही.

प्रत्येक तुकडा वेगळी क्वेरी असल्याने दरम्यान टेबल बदललं तर फाइलचे भाग वेगवेगळ्या क्षणांचे होतात. बंद झालेल्या महिन्याच्या डेटाला फरक पडत नाही, चालू खात्यांना पडतो. पोस्टग्रेसमध्ये ‘रिपीटेबल रीड’ ट्रान्झॅक्शनमध्ये सगळे तुकडे काढले की सर्वांना एकच चित्र दिसतं. एकाच वेळी अनेक कनेक्शननी काढायचं असेल तर ‘पीजी एक्सपोर्ट स्नॅपशॉट’ने मिळालेला स्नॅपशॉट बाकीच्या कनेक्शनना देता येतो. समांतर कनेक्शन किती? दोनपासून सुरू करा, वेळ मोजा, चार करून बघा. डिस्क किंवा नेटवर्क आधीच भरलेलं असेल तर आठ कनेक्शन फक्त एकमेकांच्या पायात पाय घालतात.

पायरी ७: डिलिमिटर, कोट आणि नल

वेग मिळाला, पण फाइल चुकीची असेल तर तो काय कामाचा? जास्तीत जास्त तक्रारी इथूनच येतात.

स्वल्पविराम हा डिलिमिटर म्हणून सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत धोकादायक, कारण तो नावांत, पत्त्यांत, शेऱ्यांत सगळीकडे असतो. डबल कोट नीट लावले जात असतील तर हरकत नाही: स्वल्पविराम, डबल कोट किंवा नवी ओळ असलेलं मूल्य कोटांत जातं आणि आतला प्रत्येक डबल कोट दोनदा लिहिला जातो. मायएसक्यूएलचं आउटफाइल मात्र आतल्या कोटापुढे बॅकस्लॅश लावतं, दोनदा लिहीत नाही. दोन्ही फाइलींना सीएसव्हीच म्हणतात आणि एका पद्धतीची फाइल दुसऱ्या पद्धतीच्या वाचकाला दिली की लाखातल्या दोन-चार नोंदी फुटतात. बाकी सगळं ठीक दिसतं, म्हणूनच हे उशिरा सापडतं.

टॅब मला आवडतो. लोकांच्या टायपिंगमध्ये तो क्वचितच येतो. क्वचित म्हणजे कधीच नाही असं नाही: कुणी एक्सेलमधून कॉपी करून फॉर्ममध्ये चिकटवलं की टॅब आलाच. उभी दांडीही चांगली. मूळ डेटात निवडलेला डिलिमिटर किती वेळा येतो ते एका ‘काउंट’ क्वेरीने आधीच पाहता येतं, आणि शंभरातले नव्वद जण ते करत नाहीत. आस्कीत खास या कामासाठी ३१ आणि ३० क्रमांकाची विभाजक चिन्हं ठेवलेली आहेत. दोन्हीकडचे प्रोग्रॅम आपल्या हातात असतील तर ती वापरायला माझी ना नाही, पण फाइल डोळ्यांनी वाचण्याची सोय जाते.

नल, रिकामा मजकूर आणि शून्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्टग्रेसच्या सीएसव्हीत काहीच नसलेली जागा म्हणजे नल आणि दोन डबल कोट म्हणजे रिकामा मजकूर. फरक नाजूक आहे. कित्येक वाचक तो पाळत नाहीत. मायएसक्यूएलच्या आउटफाइलमध्ये नल म्हणजे बॅकस्लॅश आणि मोठा एन. ऑरॅकल रिकाम्या मजकुरालाच नल मानतो, तिथे प्रश्नच मिटतो किंवा सुरू होतो, तुम्ही कुठल्या बाजूला आहात त्यावर.

एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि ते गृहीत धरू नका. डेटाबेस यूटीएफ-८ असला तरी क्लायंटची सेटिंग वेगळी असेल तर वाटेत रूपांतर होतं. ऑरॅकलमध्ये ‘एनएलएस लँग’ चुकला की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते, आणि ती फाइलमध्ये एकदा उतरली की मूळ अक्षरं परत आणता येत नाहीत. एक्सेलने यूटीएफ-८ ओळखावं म्हणून फाइलच्या आरंभी बीओएम हे तीन बाइट घालतात. एक्सेलसाठी ठीक, लोडरसाठी नको. लोडर ते तीन बाइट पहिल्या कॉलमच्या नावाचा भाग समजतो आणि ‘आयडी नावाचा कॉलम सापडत नाही’ म्हणतो, जो तुमच्या डोळ्यांसमोर लख्ख दिसत असतो.

तारखा वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा आणि वेळेसोबत टाइमझोन द्या. एवढंच.

फाइल एक्सेलमध्ये उघडून तपासू नका. तो आकड्यांच्या सुरुवातीची शून्यं खातो, १५ अंकांपुढचे अंक शून्य करतो आणि तारखेसारखं दिसेल त्याची तारीख करतो. फाइल बरोबर असते, दिसतं ते चूक असतं. वर सवयीने सेव्ह केलंत तर फाइलही चूक. माणसं एक्सेलमध्येच उघडणार असतील तर आणखी एक काळजी: बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं मूल्य तिथे सूत्र म्हणून चालू शकतं. वापरकर्त्यांनी भरलेला मजकूर तसाच जाणार असेल तर अशी मूल्यं आधी निकामी करा.

पायरी ८: वाटेतच दाबा, आणि अर्धी फाइल पूर्ण म्हणून सोडू नका

सीएसव्हीत तीच ती मूल्यं पुन्हापुन्हा येत असल्याने ती छान दबते, म्हणजे कॉम्प्रेस होते. आधी ६ जीबी लिहून मग दाबण्यापेक्षा एक्सपोर्टचं आउटपुट पाइपमधून थेट जीझिपला द्या. डिस्कवर मोठी फाइल कधी बनतच नाही. जीझिप एकच कोअर वापरतो आणि पुष्कळदा तोच अडथळा ठरतो. मग पिग्झ वापरा, तो सगळे कोअर कामाला लावतो. किंवा झेडस्टँडर्ड, समोरच्याला चालत असेल तर.

पाइपचा एक खड्डा मात्र ठाऊक असू द्या. क्वेरी मध्येच मेली तरी जीझिपला त्याचं काही नसतं. आलं तेवढं दाबून तो फाइल व्यवस्थित बंद करतो आणि शेल ‘यशस्वी’ म्हणतं, कारण ते शेवटच्या कमांडचाच निकाल बघतं. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट डॅश ओ पाइपफेल’ लिहा म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी कळेल. एसक्यूएल फाइल चालवत असाल तर पीएसक्यूएलला ‘ऑन एरर स्टॉप’ही द्या.

फाइल लिहिताना नावाच्या शेवटी ‘डॉट पार्ट’ ठेवा आणि सगळं नीट संपल्यावरच खरं नाव द्या. एकाच डिस्कवर नाव बदलणं क्षणात होतं, त्यामुळे पलीकडे फोल्डरवर नजर ठेवून बसलेला प्रोग्रॅम अर्धी फाइल उचलत नाही. लांबलेलं काम एसएसएचवरून (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून) चालवत असाल तर टीमक्स या टूलमध्ये चालवा, कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं. लॅपटॉपचं झाकण मिटलं म्हणून चार तासांचा एक्सपोर्ट गेला, असं एकदा झालं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

पायरी ९: मोजा, आणि परत वाचून बघा

पहिली तपासणी संख्येची. ‘डब्ल्यूसी डॅश एल’ने ओळी मोजून टेबलातल्या नोंदींशी ताडून पाहायचा मोह होतो, पण ओळ आणि नोंद एक नव्हे. शेऱ्याच्या कॉलमात कुणी एंटर मारलं असेल तर एक नोंद तीन ओळींत पसरते. ओळी जास्त निघाल्या म्हणून घाबरू नका. कमी निघाल्या तर मात्र घाबरा. खरी मोजणी सीएसव्ही समजणाऱ्या वाचकाने करायची: पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलने फाइल वाचा, नोंदी मोजा आणि प्रत्येक नोंदीत कॉलम तेवढेच आहेत का ते पाहा. ही छोटी स्क्रिप्ट एकदा लिहून ठेवा, आयुष्यभर चालते. याच कारणाने मोठी फाइल ‘स्प्लिट’ने ओळींवर तोडू नका, नोंदीच्या मधोमध कात्री लागू शकते. भाग हवेत तर क्वेरीतूनच वेगळे काढा.

दुसरी तपासणी रकमेची. एखाद्या आकड्याच्या कॉलमची बेरीज, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी तारीख, नलची संख्या डेटाबेसमधून घ्या आणि फाइलमधूनही. टेबल सतत बदलत असेल तर हे आकडे एक्सपोर्टच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या, नाहीतर दोन वेगळ्या क्षणांची तुलना करत बसाल. तिसरी, वेळ असेल तर: फाइल एका रिकाम्या टेबलात परत चढवून मूळ टेबलाशी ताडून बघा. पहिल्या खेपेला हे करावंच, नंतर दर महिन्याला नाही केलं तरी चालेल.

फाइलसोबत नोंदींची संख्या, चेकसम (फाइल वाटेत बदलली का ते ओळखायचा आकडा) आणि क्वेरी चालल्याची वेळ लिहिलेली एक छोटी फाइल पाठवा. पलीकडच्याने पोच दिली की सर्व्हरवरची, टेम्प फोल्डरमधली आणि तुमच्या लॅपटॉपवरची प्रत पुसा. तिच्यात लोकांची नावं आणि फोन नंबर असतात, आणि पुढच्या महिन्याच्या एक्सपोर्टलाही ती ६ जीबी जागा लागणारच आहे.